सिकंदरच्या पिकअपची मान

वरकुट्याच्या चौकात सिकंदरची पिकअप मान खाली घालून उभी असते, ही गंभीर बाब सर्वप्रथम आप्पासाहेबांच्या निदर्शनास आली. आप्पासाहेब कोणत्याही पदावर नव्हते, त्यामुळे गावातली प्रत्येक बाब त्यांच्याच निदर्शनास येत असे. चहाच्या टपरीसमोर उभं राहून त्यांनी गाडी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि चार लोकांत विचारलं, "सिकंदर, तुझ्या गाडीनं काय चोरीबिरी केलीया का? खाली बघून हुबी हाय."

चार लोक हसले. सिकंदरही हसला, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. पण चहा त्याला गोड लागेना. शेजारीच डाळजच्या अजितची नवी गाडी उभी होती. तिचं नाक सरळ समोर होतं आणि ती आपल्या गाडीकडे तुच्छतेनं बघते आहे, असं सिकंदरला स्पष्ट जाणवलं.

मालवाहू गाडी रिकामी असली की मागून उचललेली आणि पुढून वाकलेली दिसते. मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मालाच्या वजनानं बसावेत आणि भरलेली गाडी रस्त्यावर सरळ यावी, यासाठी ती व्यवस्था असते. थोडक्यात, गाडी बनवणाऱ्यांनी मालवाहू गाडीत माल भरला जाईल असं गृहीत धरलेलं असतं. वरकुट्यातली सामाजिक परिस्थिती त्यांना कुणी कळवली नसावी.

जेवताना सिकंदरनं विषय काढला तेव्हा त्याची बायको साजिया सहज म्हणाली, "माल भरला की सरळ हुती की ती."

"भरलेली गाडी कोण बघतंय?" सिकंदर म्हणाला. "भरलेली पहाटं अंधारात जाती. दिसभर चौकात रिकामीच हुबी असती. लोकं जी बघत्यात ती सरळ नको व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. साजियानं भाजी वाढली आणि पेरू कधी तोडायचेत तेवढं विचारलं. कारण गावाबाहेर वस्तीवर राहणाऱ्या झुंबरतात्या आणि सरुबाई या जोडप्याची पेरूची बाग पहिल्यांदाच धरली होती. तीन उन्हाळे त्या दोघांनी ठिबकच्या नळ्या बदलून बदलून ती झाडं जगवली होती, आणि पहिला तोडा सिकंदरच्याच गाडीतून पुण्याला जाणार, असा शब्द त्यानं सरुबाईला दिला होता. सरुबाईनं त्याच्यावर विसंबून दुसरी गाडी बघितलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिकंदर बारामतीला दानिशच्या गॅरेजात गेला. दानिश पूर्वी पंक्चर काढायचा. फोनवर परदेशातल्या गाड्यांची चित्रफीत बघितल्यापासून त्यानं ते बंद केलं होतं आणि पाटीवर 'वाहन व्यक्तिमत्त्व सल्लागार' असं लिहून घेतलं होतं. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला जी बुडबुड्याची पट्टी वापरतात, ती त्यानं बॉनेटवर ठेवली, बराच वेळ बुडबुड्याकडे पाहिलं आणि रिपोर्ट वाईट आल्यावर डॉक्टर टेकवतात तसा खांद्यावर हात टेकवला. उपाय एकच होता, लेव्हलिंग किट. म्हणजे पुढच्या स्प्रिंगांवर दोन जाड लोखंडी चकत्या बसवायच्या. पुढची बाजू दोन-तीन बोटं वर येते आणि गाडी ताठ होते.

चकत्या बसल्या. बुडबुडा पट्टीच्या मधोमध जाऊन थांबला. निघताना दानिशनं एकच पथ्य सांगितलं, तेही गाडी चालू झाल्यावर. शक्यतो माल भरू नये.

चौकात गाडीचं स्वागत झालं. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं हार घातला. आता गाडी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवू शकते, असा अभिप्राय त्यांनी दिला, आणि आपण सुचवलं नसतं तर ही गाडी आयुष्यभर वाकूनच राहिली असती हेही त्यांनी नम्रपणे सांगितलं. सिकंदरची आई मेहबूबबी दारातून बघत होती. तिला गाडी कालच्यासारखीच दिसली, पण तिची नजर अधू आहे हे सर्वांना माहीत असल्यानं तिचं मत विचारात घेतलं गेलं नाही.

मग पेरू तोडायला आले. सरुबाईनं पहिला तोडा स्वतः पारखून क्रेटात भरला, कागद अंथरला, आणि सिकंदरनं गाडी गच्च भरली. मागचे पाटे नेहमीसारखे बसले. पण पुढं आता चकत्या होत्या, त्यामुळे नाक आभाळाकडे गेलं. हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून लिंबांच्या शेंड्यांवर पडू लागला. झाडांवर झोपलेले बगळे उठून बसले. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला सिकंदरच्या घराण्याचा उद्धार करून गेला. सिकंदरला पुढचा रस्ता दिसत नव्हता, आणि स्टिअरिंग हातात असं सैल फिरत होतं की चाकांचा आणि आपला काही संबंध उरलाय का, अशी त्याला शंका आली.

हे सगळं त्यानं सहन केलं असतं. पण भिगवणच्या अलीकडे हायवेच्या हॉटेलवर डाळजचा अजित भेटला. त्यानं गाडीकडे पाहिलं आणि फक्त "मागनं बसली व्हय रं?" एवढंच विचारलं.

सिकंदरनं गाडी तिथूनच वळवली. झुंबरतात्यांच्या वस्तीवर निम्मे क्रेट उतरवले आणि उरलेले घेऊन पुन्हा निघाला, तोवर बाजार उठायची वेळ झाली होती. पेरू पडेल भावात गेले. उतरवलेल्या क्रेटांवर सरुबाईनं ओलं पोतं टाकलं.

दानिशनं गाडी पुन्हा तपासली. "गाडीत कायबी दोष न्हाय," तो म्हणाला. "दोष मालात हाय. वजनदार माल हाय तुमचा."

हे निदान सिकंदरला पटलं. आपल्या लाडक्या वस्तूत दोष नाही असं सांगणारं कुठलंही निदान माणसाला पटतंच. त्यानं मालावर बंधनं आणली. पुढच्या खेपेला निम्मा माल, त्याच्या पुढच्या खेपेला पाव. मग फक्त केबिनला चिकटून एक ओळ, तीही कच्च्या पेरूंची, कारण पिकलेले जड भरतात असं दानिशचं म्हणणं पडलं. मधल्या काळात गाडीला लग्नांची बोलावणी येऊ लागली. कुठल्याही मांडवासमोर ती नुसती उभी राही आणि लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत. माल वाहण्यापेक्षा यात मान होता आणि धूळ कमी होती.

साहजिकच इतरांनीही चकत्या बसवल्या. आधी अजितनं आणखी एक-एक चकती वाढवून घेतली, मग ज्यांना अजितचं बघवलं नाही त्यांनी. पाहता पाहता वरकुट्यापासून डाळजपर्यंत एकही वाकलेली पिकअप उरली नाही. झुंबरतात्या दारोदार फिरले. प्रत्येक मालकानं त्यांना आदरानं बसवलं, चहा पाजला, गाडी दाखवली आणि पेरू सोडून दुसरं काहीही असेल तर सांगा म्हणाला. कारखाना चालू असल्यामुळे ट्रॅक्टर उसात अडकले होते. सरुबाईनं दोन क्रेट एसटीत घालून बघितले, तर कंडक्टरनं ते मोकळ्या सीटवरून पायाशी, पायात येतात म्हणून दाराशी आणि दारात अडचण होते म्हणून रस्त्यावर ठेवले.

अशा वातावरणात 'समतल मालवाहतूकदार संघ' स्थापन झाला. अध्यक्ष सिकंदर, मार्गदर्शक अर्थातच आप्पासाहेब. पहिल्याच बैठकीत ठराव झाला की, 'मालवाहतुकीच्या सर्वांगीण प्रगतीत माल हाच प्रमुख अडथळा ठरत असल्याचे या सभेच्या लक्षात आले असून, संबंधित शेतकऱ्यांनी हलक्या पिकांकडे वळावे.' हलकं पीक कोणतं, यावर चर्चा झाली. कोथिंबिरीचं नाव निघालं, पण ओली असली की तीही भरते म्हणून बाद झालं.

संघाची कीर्ती पसरली तशी 'ग्रामीण वाहन सौंदर्य विकास मंडळ' नावाच्या संस्थेनं आदर्श मालवाहन स्पर्धा जाहीर केली. पाहुणे पुण्याहून येणार होते. फक्त एक अट अशी निघाली की संघात रडारड झाली. वाहन मालवाहू असल्यामुळे परीक्षणाच्या वेळी त्यात माल भरलेला असावा.

सरुबाईच्या कानावर हे गेलं. झाडावर आता शेवटचा तोडा राहिला होता. पेरू पिवळे पडून देठाशी सैल झाले होते. ती स्वतः सिकंदरच्या दारात आली.

"मालाबिगर गाडी उभी करता येत न्हाय म्हणं," ती म्हणाली. "मग माझाच भर की. बक्षीस झालं की तसाच फुडं पुण्याला ने. लेका, पेरू थांबत न्हाईत."

सिकंदरला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. ही बाई त्याच्या दारात कधी काही मागायला आली नव्हती. उलट त्याच्या पहिल्या पोराच्या बारशाला तिनंच बाजरीचं पोतं पाठवलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर चकत्या काढून टाकलेली, गच्च भरलेली, रस्त्यावर उजेड पाडत जाणारी जुनी गाडी आली. "भरतो, काकी," असं तो म्हणाला, आणि म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. तो तडक बारामतीला गेला आणि दानिशला म्हणाला, चकत्या काढ.

दानिशनं त्याला खुर्ची दिली. अध्यक्षांचीच गाडी वाकली तर संघाचं काय, एवढंच त्यानं विचारलं. मग आतल्या खोलीतून खोकी काढली. त्यांत प्लॅस्टिकचे पेरू होते. मंडप सजवणाऱ्यांकडून खास मागवलेले, आतून पोकळ, देठाला हिरवं पान चिकटवलेले. क्रेटच्या क्रेट भरले तरी गाडी एक बोटभरही खाली जात नव्हती. सिकंदरनं एक पेरू हातात घेऊन पाहिला. तो हातात असल्यासारखा वाटतच नव्हता. लाज येताना घाईत आली होती, जातानाही ती फार रेंगाळली नाही.

स्पर्धा थाटात झाली. तीसेक गाड्या सरळ रांगेत उभ्या होत्या आणि सगळ्या मालानं शिगोशीग भरलेल्या होत्या. कुणाकडे थर्माकोलचे कांदे होते, कुणाकडे फुग्यांची कलिंगडं. प्रमुख पाहुण्यांनी सिकंदरच्या गाडीतला एक पेरू उचलून वास घेतला, गावरान मालाला तोड नाही असं माईकवरून सांगितलं आणि तो खिशात टाकला. पहिलं बक्षीस सिकंदरला मिळालं. त्यासोबत एक अट होती, वर्षभर गाडीच्या ठेवणीत कोणताही बदल करता येणार नाही. त्याच दिवशी दुपारी वस्तीवरचे पेरू गळायला लागले होते. वास चौकापर्यंत येत होता. समारंभाला आलेल्या पुष्कळांनी त्या वासाचं कौतुक केलं आणि तो गाड्यांमधल्या मालाचा समजून घेतला.

बक्षीस मिळालेल्या भरल्या गाडीचा फोटो सगळीकडे फिरला. चौथ्या की पाचव्या दिवशी पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा सिकंदरला फोन आला. गिऱ्हाइकं फोटोतलेच पेरू मागत होती. एका मापाचे, एकही डाग नसलेले. यापुढे असेच असतील तर पाठवा, डागाळलेले आणूच नका, असा निरोप होता. निरोप पोचवायला सिकंदर वस्तीवर गेला. खरं तर जायची गरज नव्हती, पण अपराधी माणसाला काहीतरी निमित्त लागतं. सरुबाई झाडाखाली बसून सडलेले पेरू शेळ्यांसाठी पाटीत भरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझी गाडी हाय तितंच हाय," ती म्हणाली. "माझं पेरू गेलं. आता कशाला आलाईस?"

सिकंदर परत फिरला, आणि चौकात आल्यावर गाडीशेजारी उभा राहिला तेव्हा त्याला पुष्कळ बरं वाटलं.

झुंबरतात्यांनी बाग काढली. जेसीबी लावून जमीन सपाट करून घेतली, कारण चौकातल्या खड्ड्यांत सरळ गाडीही तिरकी दिसते अशी संघाची तक्रार होती. आता त्या जागेवर लांबलांबून माणसं पिकअप घेऊन येतात आणि तासाच्या हिशेबानं फोटो काढतात. प्लॅस्टिकचे पेरू तिथंच मिळतात. सरुबाई रोज सकाळी ते फडक्यानं पुसून क्रेटात लावते. पुण्याहून आलेली माणसं तिला विचारतात, मावशी, ही बाग कुठं आहे, आणि ती ज्या जागेवर उभी असते तिथंच बोट दाखवते.

हा प्रकार ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्या सर्वांना वाईट वाटलं. त्यांनी मान हलवली, लोकांना काय वेड लागलंय म्हणाले, आणि थोडं थांबून, आवाज जरा खाली आणून, दानिशचं गॅरेज बारामतीत नेमकं कुठं आहे ते विचारलं. सरुबाईनं पुढं काय खाल्लं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही पत्त्यासाठीच इथवर वाचत आला असाल, तर भिगवण रस्त्यानं जा, डाव्या हाताला पाटी दिसेल. गाडी रिकामीच न्या.