बाबागाडीतला कॉम्प्युटर

३० टक्के.

पडदा निळा होता, मधोमध ठिपक्यांचं एक कडं फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘अपडेट चालू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.’ कॉम्प्युटर बंद करण्यात मिलिमीटरला काडीचाही रस नव्हता. त्याला फक्त त्याचा पेनड्राइव्ह परत हवा होता.

मिलिमीटर हे त्याचं ऑफिसातलं नाव. दुसऱ्यांनी आखलेल्या इमारतींचे नकाशे स्वच्छ करून द्यायची त्याची नोकरी, आणि एखादी भिंत मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तर त्याला घास उतरत नसे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या डोक्यातली इमारत कागदावर आणली होती. नगरपालिकेच्या स्पर्धेसाठी एक छोटंसं वाचनालय. खाली नाव त्याच्या एकट्याचं. पेनड्राइव्ह आज पाचच्या आत खिडकीवर नेऊन द्यायचा होता. मेल चालणार नव्हता. आणि नकाशा होता फक्त त्या पेनड्राइव्हवर, कारण घरच्या कॉम्प्युटरवर मिलिमीटरचा विश्वास नव्हता.

३० टक्के. अजून.

दुपारी त्याने तो नुसता ओढला असता तर काहीच झालं नसतं. पण मागे एकदा त्याने तसा ओढला होता आणि एका बंगल्याची फाइल कोरी निघाली होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मेहुण्याने तेव्हा त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. आधी कोपऱ्यातल्या चिन्हावर जायचं, काढायची परवानगी मागायची, ती मिळाली की मगच हात लावायचा. आज मिलिमीटरने रीतसर परवानगी मागितली. उत्तर आलं, उपकरण वापरात आहे, ते वापरणारे प्रोग्रॅम बंद करा. त्याने गाणी बंद केली, कॅलेंडर बंद केलं, शेवटी घाबरून डोक्यावरचा पंखाही बंद केला. उपकरण वापरातच राहिलं.

मेहुणा फोनवर म्हणाला, त्यात काय, कॉम्प्युटर बंद करा आणि मग काढा. मिलिमीटरने बंद करायला सांगितलं, तर तो बंद व्हायचा सोडून अपडेट व्हायला बसला. पुन्हा फोन.

“अपडेट मध्येच आहे?” मेहुण्याचा आवाज बदलला. “मग आता कशालाही हात लावू नका, भाऊजी. कशालाही.”

३१ टक्के.

या एका टक्क्याला लागलेल्या वेळात मिलिमीटरने हिशोब मांडला. या चालीने पेनड्राइव्ह उद्या दुपारी हाती येणार होता.

“ओढा की तो,” बायको म्हणाली.

“तुझा भाऊ काय म्हणाला, ऐकलंस ना?”

“माझाच भाऊ आहे तो. लहानपणी दुधावर साय आली तरी अशाच आवाजात सांगायचा.”

पण मिलिमीटरच्या डोळ्यांसमोर तो कोरा बंगला होता. पेनड्राइव्ह काढायचा नाही. कॉम्प्युटर बंद करायचा नाही. कॉम्प्युटर उचलायचा नाही, असं मात्र कोणीच म्हटलेलं नव्हतं. टेबलाखाली यूपीएस होता, वीज गेल्यावर काही वेळ काम चालवणारा. नगरपालिका पायी दहा मिनिटांवर. बायकोने कपाळाला हात लावला, आणि तोच हात खाली घेऊन ती शेजारणीची बेल वाजवायला गेली. शेजारणीकडे बाबागाडी होती.

खालच्या जाळीत यूपीएस बसला. सीटवर कॉम्प्युटरचा डबा आडवा झोपला आणि त्याला टेकून पडदा उभा राहिला. पडदा कशाला, असं बायकोने विचारलंच. टक्के दिसले नाहीत तर आपलं काही खरं नाही, असं तो म्हणाला. भिंतीतली वायर काढताच यूपीएस कोकलू लागला. पीं. पीं. बायकोने सगळ्यावर दुपटं घातलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

३२ टक्के.

रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्यागणिक मिलिमीटर गाडी अलगद उचलून पुढे ठेवत होता, आणि येणारे-जाणारे अशा हळव्या बापाकडे कौतुकाने पाहत होते. कोपऱ्यावर एका आजींना राहवेना. बाळ कधीचं रडतंय, त्याला भूक लागली असेल, असं त्यांनी बायकोला सुनावलं.

“भूक नाही हो, पोटात काही टिकतच नाही त्याच्या,” बायको म्हणाली. “जुनं झालंय ना.”

आजींनी दुपट्याची कड उचलली. निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. त्यांनी कड होती तशी खाली सोडली आणि तडक रस्ता ओलांडला.

३३ टक्के.

नगरपालिकेच्या फाटकात वॉचमनने गाडी अडवली. पाचला अजून थोडा वेळ होता. पीं-पीं ऐकून त्याने दुपटं बाजूला केलं, आणि त्याला वायरी दिसल्या.

“हे काय आहे?”

घाबरला की मिलिमीटर खरं बोलतो, पण अर्धवट बोलतो. “हात लावू नका,” तो म्हणाला. “जरा धक्का लागला तर सगळं जाईल.”

वॉचमन दोन पावलं मागे सरकला. “किती वेळ आहे?”

“बॅटरीवर आहे. फार तर पाच मिनिटं.”

वॉचमनने शिट्टी फुंकली. अख्ख्या नोकरीत त्याला ती अशी जीव तोडून फुंकायची संधी मिळाली नसावी. बायको ‘अहो, ऐका तरी’ म्हणत त्याच्यामागे गेली, पण तोवर जिने भरून वाहू लागले होते. लोक बाहेर आले, कोणी अर्धा चहा घेऊन, कोणी एकाच चपलेत. स्पर्धेच्या खिडकीवरच्या बाई एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात शिक्का घेऊन आल्या. मिलिमीटर त्यांच्यामागे धावला. बाई, स्पर्धेचा नकाशा द्यायचाय, पाच वाजतायत. बाई मोटारीमागे बसत म्हणाल्या, “आधी जिवाचं बघा हो.”

पाच वाजले. यूपीएसचे पीं जवळजवळ आले, एकमेकांना चिकटले आणि त्यांची एकच लांब किंकाळी झाली. पटांगणातल्या सगळ्यांनी कानांवर हात घेतले. मग आवाज थांबला.

टक्के दिसत नाहीत.

कोणाचंच काही उडालं नाही. पडदा तेवढा काळा झाला. एकेक जण मोटारींमागून उठला, कपडे झटकून हसू लागला. पायरीवर बसलेला मिलिमीटर मात्र उठला नाही. बायकोने नगरपालिकेच्या साहेबांना सगळं समजावलं. साहेब वॉचमनवर डाफरले, मिलिमीटरवर डाफरले, आणि शेवटी घड्याळ बघून म्हणाले की पाचच्या आत खिडकी आपणच रिकामी केली आहे, तेव्हा आता उद्या दुपारी बारापर्यंत नकाशे घ्यावे लागतील.

“आता उद्या काय देऊ?” मिलिमीटर पुटपुटला. “गेला तो.”

बायको वाकली आणि तिने कापडातून टाचणी काढावी तसा पेनड्राइव्ह काढला. मिलिमीटरने डोळे मिटून घेतले. बाईंना दया आली असावी. त्यांनी तिथेच मोटारीच्या टपावर लॅपटॉप उघडला, पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाल्या, “बघा तरी.”

वाचनालय होतं. कपाटं होती, लहान मुलांचा कोपरा होता, खिडकीपाशी कठड्याला लागून बाक होता. मिलिमीटरने रेघ न् रेघ तपासली आणि दुपारपासून अडकलेला श्वास सोडला. बाई म्हणाल्या, फार सुरेख काढलंय.

बायको हा नकाशा पहिल्यांदाच पाहत होती. पूर्ण झाल्याशिवाय तो कोणाला काही दाखवत नसे. तिने बाहेरच्या भिंतीवरून बोट फिरवलं. एक अख्खी फेरी घातली. मग दुसरी.

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “पण आत जायचं कुठून?”

मिलिमीटर वाकला. दार दोन मिलिमीटर डावीकडे घ्यायचं म्हणून काल संध्याकाळी त्याने ते पुसलं होतं. मागे राहिलेली फट बघवेना, म्हणून भिंत सांधून टाकली होती. इतकी सफाईने, की नंतर तिथे काही असायला हवं होतं याची खूणसुद्धा उरली नव्हती.

त्याने रीतसर परवानगी मागून पेनड्राइव्ह काढला आणि खिशात घातला. मग फाटकाशी गेला. वॉचमन तिथे तोंड पाडून उभा होता. मिलिमीटरने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“फार उपकार झाले,” तो म्हणाला. “पाचच्या आत मला आत जाऊ दिलं नाहीत.”

वॉचमनला तो टोमणाच वाटला. त्याने बाबागाडीची मूठ धरली आणि मान खाली घालून ती त्यांच्या घरापर्यंत ढकलत आणून दिली.