शंका शेवटी

सरांच्या जेवणाच्या टेबलावर आठ दिवस एक होडी होती. खरी नव्हे, कागदावरची. पण जागा तिने खऱ्या होडीइतकीच अडवली होती. सरांची बायको ताट मांडीवर घेऊन जेवत होती आणि मीठ हवं असेल तर पेन्सिली, पट्ट्या आणि वायरची भेंडोळी ओलांडून हात घालावा लागत होता.

होडी होती फ्यूजची. शाळेत असताना त्याने एकाच दिवशी प्रयोगशाळेतली वीज दोनदा घालवली, तेव्हापासून गावभर त्याचं हेच नाव. आता तो चाळिशीला आला होता. मासेमारीची छोटी होडी त्याने घेतली खरी, पण दिवे, भोंगा आणि तळातलं पाणी उपसणारा पंप तपासणीत पास झाल्याशिवाय परवाना नव्हता, आणि परवान्याशिवाय अख्खा हंगाम किनाऱ्यावर बसून काढावा लागणार होता. म्हणून तो वायरिंगचा आराखडा मागायला आला. निवृत्त सरांना तीन वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत झाली.

तळाला डांबर लावायला होडी पालथी घातली होती. सर टेप घेऊन तिच्या मागच्या टोकाशी उभे राहिले आणि तास सुरू झाला.

"बॅटरी कुठे बसणार?"

"उजव्या अंगाला, सर. आत खण केलाय तिच्यासाठी."

"आणि पंपाचं पाणी बाहेर पडायचं भोक? हे काय, तेही उजवीकडेच! म्हणजे बॅटरीच्या शेजारी पंप. दोन हात वायर पुरे."

फ्यूजने हात वर केला.

"शंका शेवटी," सर म्हणाले. तीस वर्षं त्यांच्या वर्गात हाच नियम होता. मध्येच विचारलं की विषयाचा धागा तुटतो, असं त्यांचं मत. शेवटी घंटा व्हायची आणि मुलं शंका दप्तरात घालून घरी जायची, ही गोष्ट वेगळी.

घरी बायकोने मापांची वही चाळली. "अहो, एक विचारू?"

"आराखडा पुरा होऊ दे. मग विचार."

आराखड्यावर लाल शाईने दोन नियम होते. पहिला : वायरीला जोड देऊ नये, खाऱ्या पाण्यात जोड कुजतो. दुसरा : वायर वाया घालवू नये. नख फळ्याला लागेपर्यंत खडू वापरणारा माणूस तो! प्रत्येक वायर मापात कापलेली, बोटभरही जास्त नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी नऊला सर धक्क्यावर आले. होडी सुलटी होऊन पाण्यात डुलत होती. बॅटरी उजवीकडे बसली. सर पंपाची वायर घेऊन वळले, तर पंप डावीकडे. भोकही डावीकडे. बाक बदलून बसलेल्या पोराकडे बघावं तसं सरांनी त्या भोकाकडे बघितलं.

"हे इकडे कसं आलं?"

फ्यूजने हात वर केला.

"थांब रे, विचार करू दे."

वायर चार हात कमी पडत होती. जोड द्यावा, तर लाल शाई आड येत होती. दुकान तासाभराच्या वाटेवर. मग सरांनी बॅटरीच डावीकडे आणली. आता दिव्यांच्या वायरी तिथवर पोचेनात, म्हणून बटणांची फळीही डावीकडे आली. तशी होडी डावीकडे कलली. बर्फाची पेटी उजवीकडे ढकलली, तरी थोडं वजन कमीच. शेवटी सर स्वतः त्या पेटीवर बसले. होडी सरळ झाली.

अकराला तपासणीच्या मॅडम आल्या. "आजोबा, जरा वर या. होडी रिकामी बघायची असते."

सर उठले. होडी कलली. चहाची किटली घरंगळत जाऊन भोंग्याच्या बटणावर बसली आणि सगळा धक्का वळून बघू लागला.

भोंगा थांबल्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "भोंगा पास. बाकी हे असं चालणार नाही. कुणाला काही सांगायचंय?" मग त्यांनी फ्यूजकडे बघितलं. "तुमचा हात कधीपासून वर आहे?"

"आठ दिवस झाले, मॅडम."

"मग बोला की!"

"मापं घेतली तेव्हा होडी पालथी होती. पालथीचं उजवं ते सुलटीचं डावं. पंपाला लांब वायर लागणार, म्हणून मी त्याच दिवशी अखंड वायर आणून ठेवली." त्याने बाकाखालून भेंडोळं काढलं.

अर्ध्या तासात सगळं सामान आपापल्या जागी गेलं. पंपाने पाणी भरभरून बाहेर फेकलं. मॅडमनी शिक्का मारला आणि जाताना म्हणाल्या, "आराखडा मात्र सुबक हं."

"अरे, तेव्हाच ओरडायचं नाहीस का?" सर फ्यूजला म्हणाले.

"मध्ये बोललो की बाकावर उभं करायचात, सर. होडीत बाक एकच आहे, तोही डुलतो."

घरी बायकोने टेबल पुसून पानं मांडली होती. सर बसले. "हां, आता विचार. काय विचारायचं होतं तुला?"

"काही नाही हो. होडी पालथी होती ना, तर डावं-उजवं फिरवून लिहिलंत का, एवढंच."

सरांनी दोन घास खाल्ले आणि मग त्यांनी हळूच हात वर केला.

"शंका शेवटी," ती म्हणाली, आणि मीठ त्यांच्याकडे सरकवलं.