मर्विनची मोठी गाडी

"सोमवारी सकाळी नऊला मी मोठी गाडी घेतो, आणि सव्वानऊला या गावाला माझा फक्त धुरळा दिसेल!"

मर्विन ट्रेगेन्झाने ही घोषणा केली शुक्रवारी, स्वतःच्याच निरोपसमारंभात, तोंडात अर्धी पास्टी, म्हणजे खिम्याची मोठी करंजी, असताना. आमच्या मूंटा गावच्या पोस्टात एकतीस वर्षं टपाल वाटून तो त्या दिवशी निवृत्त झाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मर्विनने ताशी चाळीसच्या वर गाडी नेलेली गावात कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे टाळ्या जरा जास्तच वाजल्या.

एकतीस वर्षं मर्विनच्या बुडाखाली एकच गाडी होती. पोस्टाची, लाल, एकशेदहा सीसीची. दर पाच-सहा वर्षांनी पोस्ट जुनी काढून नवी द्यायचं, पण ती हुबेहूब जुनीसारखीच असायची. त्या गाडीला क्लचची दांडीच नाही. पोस्टमनच्या डाव्या हातात पत्रं असतात, तो हात मोकळा हवा! गिअर बदलायचा पायाने, आणि पुढचा गिअर हवा तर पाय खाली दाबायचा. रस्त्यावरूनसुद्धा जायचं नाही. फुटपाथवरून जायचं, कुंपणाला खेटून, घराघराच्या पत्रपेटीशी थांबत. दिवसाला आठशे पेट्या. आमच्याकडे फुटपाथवर गाडी चालवायची मुभा फक्त पोस्टमनला आहे, आणि मर्विनला तिचा भारी अभिमान होता.

मग त्याला एकदम मोठ्या गाडीचं खूळ का लागावं? धुरळ्याचं नुसतं निमित्त होतं. खरं कारण होतं ग्लेनिस, त्याची बायको.

लाल गाडीवर मागे माणसाची जागाच नव्हती. तिथे टपालाचा क्रेट. लग्नात मर्विनने ग्लेनिसला वचन दिलं होतं की आपण दोघं गाडीवरून आपल्या द्वीपकल्पाच्या पार टोकाला जाऊ, दीपगृहापर्यंत. बाकीच्यांच्या नवऱ्यांनी होड्या घेतल्या, कॅरॅव्हॅन घेतल्या, बायकांना फिरवून आणलं. ग्लेनिसने एकतीस वर्षं रोज सकाळी फाटकात उभं राहून एका क्रेटला आपल्या नवऱ्याच्या मागे बसून जाताना पाहिलं. ती कधी बोलली नाही. पण मर्विनला ते खुपत होतं, खूप खुपत होतं.

मार्चमध्ये त्याने हिय्या करून विचारलं, "मोठी गाडी घेतली, तर बसशील मागे?"

ग्लेनिस मुरंबा ढवळत होती. वर न बघता म्हणाली, "बघू."

हे 'बघू' मर्विनने सहा महिने चघळलं. बैठकीच्या खोलीत गालिचा घालायचा का, यावरही ग्लेनिस एकदा 'बघू' म्हणाली होती. त्याला चोवीस वर्षं झाली. आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलं, तर अजून थंडगार फरशीवरच पाय पडतात!

तेव्हा गाडी अशी हवी, की बघताक्षणी ग्लेनिसचं 'बघू' विरघळलं पाहिजे.

सोमवारी नऊला नवराबायको गावाबाहेरच्या मोटारसायकलच्या दुकानात हजर झाले. दुकानातला डार्सी चोवीस वर्षांचा. त्याच्या पहिल्या वाढदिवसापासूनची सगळी शुभेच्छापत्रं मर्विननेच पोहोचवलेली.

"मर्विनकाका, ही बघा. सुरुवातीला मधल्या आकाराची बरी पडेल."

"फुटपाथची कड चढते का?"

"अं?"

"आणि दिवसातून आठशे वेळा थांबवली तर तापेल का? डाव्या बाजूने पेटीपर्यंत हात पोचतो का?"

डार्सीने ग्लेनिसकडे बघितलं. ग्लेनिसने छताकडे.

"काका, कोपऱ्यातली ती निळी बघताय ना, ती थांबण्यासाठी बनवलेलीच नाही!"

मर्विन त्या निळीसमोर जाऊन उभा राहिला. हजार सीसी. नुसती उभी असूनही कुणाचा तरी पाठलाग करत असल्यासारखी दिसत होती. मागची गादी साबणाच्या वडीएवढी, पण होती. तिथे क्रेट ठेवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं!

"हीच," मर्विन म्हणाला.

"आधी चालवून तर बघा! महामार्गाने सरळ जायचं, गव्हाच्या कोठारापाशी वळायचं, परत. वीस मिनिटं. आणि इथे सही करा. पाडली तर ती तुमची."

"एकतीस वर्षांत पाडली नाही रे मी!"

"काकू, वीस मिनिटांत येतातच," डार्सी म्हणाला.

"बघू," ग्लेनिस म्हणाली.

मर्विनने सही ठोकली, गाडी सुरू केली, आणि क्लचवरचा डावा हात सवयीने सोडून दिला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा 'डावा हात, डावा हात' असा जप करत तो फाटकाबाहेर पडला. पुढचा गिअर टाकायला पाय खाली दाबला, तर गाडी पहिल्यातच राहिली आणि इंजिनाने अशी किंकाळी फोडली, की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या एका दिशेला पळाल्या. मग मर्विनला आठवलं. इथे पाय वर उचलायचा! उचलला. काटा साठवर गेला. वारा शर्टात शिरला. मर्विनच्या डोळ्यांपुढे दीपगृह उभं राहिलं, आणि पाठीमागे ग्लेनिस बसलेली दिसू लागली.

तिथपर्यंत ठीक होतं. पण महामार्गाच्या तोंडाशी एक वळण डावीकडे गावात जातं, घड्याळात नऊ पस्तीस झाले होते, आणि एकतीस वर्षं मर्विन नऊ पस्तीसला तिथे डावीकडेच वळत आला होता.

शपथेवर सांगतो, तो वळला नाही. त्याचं अंग वळलं! मर्विन मनात दीपगृह बघत होता. भानावर आला, तेव्हा ती हजार सीसीची निळी फुटपाथवर चढून ट्रेझीजबाईंच्या पेटीशी उभी होती.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या ट्रेझीजबाई पेटीशीच उभ्या होत्या.

"आलास का रे मेल्या! शुक्रवारी तुला निरोप दिला, म्हटलं आता कुठला येतोय! आणि हे काय, पोस्टाने तुला बढती दिली?"

"नाही हो बाई, मी निवृत्तच आहे. ही गाडी फक्त—"

"लाजू नकोस. शोभते तुला. माझं पत्र?"

"पत्र नवी मुलगी आणेल, अकराला."

"मग तू कशाला आलास?"

बाईंनी त्याच्या जॅकेटात चार लिंबं कोंबली आणि बहिणीला लिहिलेलं एक पाकीट दिलं, पोस्टाच्या पेटीत टाकायला. मर्विन नाही म्हणू शकला नाही. मर्विन कधीच कुणाला नाही म्हणू शकलेला नाही.

तिथून वळून सरळ महामार्ग गाठायचा की नाही? पण पुढच्या फाटकात मंडळी आवाज ऐकून बाहेर आली होती. त्यांच्या पुढच्या फाटकातली त्यांना बघून बाहेर आली. सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं की पोस्टाने मर्विनला हातापाया पडून परत बोलावलंय आणि सन्मान म्हणून रॉकेट दिलंय! न थांबता जावं, तर माणसं काय म्हणतील? शुक्रवारी गळ्यात पडून रडला आणि सोमवारी ओळख दाखवत नाही! मर्विन थांबत राहिला. जॅकेटात लिंबांच्या सोबतीला अंडी आली, मधाची बाटली आली, एक गरमागरम पास्टी आली आणि पाच पाकिटं आली.

सगळ्यात वाईट झालं ते बावीस नंबरात. तिथला ब्रिगेडियर नावाचा कुत्रा नऊ वर्षं मर्विनच्या घोट्यामागे लागलेला. नऊ वर्षं, न चुकता! आज निळीचा आवाज ऐकून ब्रिगेडियर शेपूट घालून व्हरांड्याखाली पळाला.

"अरे, मी आहे!" मर्विन हेल्मेट काढून ओरडला. "चाव ना, लेका! मीच आहे!"

ब्रिगेडियरने एका डोळ्याने बाहेर बघितलं, बिचाऱ्याने नुसतंच हुंगलं, आणि पुन्हा आत गेला. एकतीस वर्षांची नोकरी संपली, हे त्याला निरोपाच्या भाषणांनी कळलं नव्हतं. ते आत्ता कळलं.

डोळे पुसतोय तोच मागे पोलिसांची गाडी येऊन थांबली. कॉन्स्टेबल रोंडा खाली उतरली.

"मर्विन, तुम्ही कुठे आहात?"

"बावीस नंबरला."

"फुटपाथवर आहात!"

"मी नेहमीच—"

"शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नेहमी. आता फुटपाथ चालणाऱ्यांचा. खाली घ्या बघू ती. आणि डार्सीचा फोन आला होता. हजार सीसीची गाडी आणि एक म्हातारा हरवलाय म्हणे."

"म्हातारा?"

"त्याचा शब्द." रोंडा जायला निघाली, मग वळली. "माझं पार्सल आलं का हो?"

मर्विनने घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच! वीस मिनिटांचा दीड तास होऊन गेलेला. ग्लेनिस दुकानात ताटकळत असेल. ज्या गाडीवर तिने बसावं म्हणून एवढा खटाटोप, त्याच गाडीवरून तो तिला विसरून गावभर लिंबं गोळा करत हिंडला! आता ती बसते कसली! आता तर 'बघू'सुद्धा म्हणायची नाही.

त्याने गाडी रस्त्यावर घेतली आणि निघाला. दुकानाकडे जायचा जवळचा रस्ता त्याच्याच घरावरून जातो. आणि घरासमोर, अकरा वीसला, फाटकात ग्लेनिस उभी होती. शेजारी घामाघूम डार्सी.

"मी सांगितलं होतं ना," ग्लेनिस डार्सीला म्हणत होती, "पोलिसांना कशाला त्रास? डावीकडे वळला असेल, तर अकरा वीसला इथे येईल."

तिला बघून मर्विनला इतकं बरं वाटलं, की डावा हात, उजवा पाय, सगळं सगळं विसरून त्याने गाडी फाटकाशी आणली आणि हात आपल्या पेटीकडे नेला. डावा हात! क्लच सुटला, निळीने शेवटची उडी मारली, बंद पडली, आणि आस्तेकदम, कुठलीही घाई न करता, लॅव्हेंडरच्या झुडपात आडवी झाली. मर्विन तिच्याबरोबर आडवा झाला. जॅकेटातली अंडी फुटली.

डार्सीने खिशातून सहीचा कागद काढला आणि आडव्या गाडीकडे बघत उलगडला.

"घेतली रे," झुडपातून मर्विन म्हणाला. "हीच घेणार होतो."

तिघांनी मिळून गाडी उभी केली. एक आरसा गेला होता, बाकी ठीक. मग मर्विनने शर्टावरचा बलक पुसला, मान खाली घालून ग्लेनिसपुढे उभा राहिला, आणि वर बघितलं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

"हेल्मेट का घातलंयस तू?"

डार्सी बोलला. "काका, तुम्ही गेलात आणि काकूंनी भिंतीवरचं काढून घातलं. तेव्हापासून डोक्यावरच आहे. मी म्हटलं, काढून ठेवा, उकडेल. तर नको म्हणाल्या. चहासुद्धा स्ट्रॉने प्यायल्या!"

"वीस मिनिटांत येणार होतास ना," ग्लेनिस म्हणाली. "आलास की लगेच बसता यावं, म्हणून घातलं."

दोन तास! मर्विनला वाटलं, पुन्हा त्या झुडपात जाऊन पडावं.

"म्हणजे... बसणार आहेस तू?"

"नाहीतर हे टोपलं काय भाजी आणायला घातलंय?"

"चल मग! दीपगृह! दीडशे किलोमीटर. दुपारी तिथे जेवू."

"दीपगृह कुठे पळून जात नाही, मर्विन." ग्लेनिसने त्याच्या कॉलरमधलं अंड्याचं कवच उचललं. "एकतीस वर्षं तू सकाळी निघतोस आणि या कोपऱ्यावरून दिसेनासा होतोस. दिवसभर कुठे असतोस, कुणाशी बोलतोस, मला काही ठाऊक नाही. मला तिकडे ने. तुझी टपाल वाटायची राहिलेली अर्धी बीट दाखव मला."

मर्विनने खूप वेळ नाक पुसलं. ऊन लागलं, म्हणाला.

मग ग्लेनिस मागे बसली, दोन्ही हातांनी त्याला कंबरेशी घट्ट धरलं, आणि मर्विनने एकही उडी न मारता गाडी काढली. रस्त्याच्या कडेने, फुटपाथखालून, ताशी बाराने. पहिल्या फाटकात ट्रेवोरो म्हातारा उभा होता.

"ही ग्लेनिस, माझी बायको," मर्विन ऐटीत म्हणाला.

"ठाऊक आहे की! रोज तिचंच तर सांगतोस! काय वहिनी, गुडघा कसा आहे?"

ग्लेनिसचे हात कंबरेवर जरा आणखी घट्ट झाले. मर्विनचं मन भरून आलं. पुढच्या फाटकात मिसेस हॉकिंग.

"अगं, तूच का ती! लग्नात तुझी टोपी वाऱ्याने समुद्रात गेली आणि तू हसत सुटलीस! अशी बायको मिळायला नशीब लागतं, म्हणतो हा. दर आठवड्याला म्हणतो!"

ग्लेनिसने मर्विनच्या पाठीवर हेल्मेट टेकवलं. मर्विनला वाटलं, दीपगृह इथेच आहे.

तिसऱ्या फाटकात शाळेतले निवृत्त मास्तर दोन्ही हात पसरून पुढे आले.

"वा, वा! अखेर भेट झाली! आणि काय हो, आता तुमचं रात्रीचं घोरणं कमी आहे का?"

मर्विनच्या पाठीवरचं हेल्मेट उचललं गेलं.

"मर्विन...?"

आणि मर्विन ट्रेगेन्झाने त्या गावातल्या सगळ्या फाटकांवरून, कुठेही न थांबता, गाडी सरळ दीपगृहाकडे सोडली.