कॅप्टन बोरसे, तळमजला

बोरसेबाई माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य असं होतं : "अहो, दोन पावलं डावीकडे सरका."

आम्ही पंचवटीतल्या या सोसायटीत राहायला आलो तो पहिला दिवस. पार्किंगमध्ये टेम्पो उभा, मी हमालांना कपाट कसं उचलायचं ते शिकवतोय आणि तळमजल्याच्या गॅलरीतून पांढऱ्या बॉयकटच्या, सत्तरीच्या आसपासच्या एक उंच बाई मला सरकायला सांगतायत. पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांशी वाद नको म्हणून मी सरकलो. पुढच्या क्षणी मी उभा होतो तिथं तिसऱ्या मजल्यावरून कोरफडीची कुंडी येऊन फुटली.

मी ओरडलोच. बाई मात्र शांत होत्या.

"सकाळपासून कावळा तिला ढकलतोय. आज पडणारच होती." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "कॅच घेता येतो का तुम्हाला?"

"कुंडीचा?"

"कशाचाही."

"नाही."

"वाटलंच. मग तिथंच उभे राहा. तिथं काही येत नाही."

माणसांना जागेवर उभं करणं, ही या बाईंची सवय. सवय कसली, व्यसनच. कुणाचं लग्न असो, गणपती असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, त्या कमरेवर हात ठेवून एकदा चौफेर बघणार आणि बोटानं माणसं हलवायला लागणार. "तुम्ही दाराशी. तुम्ही जरा आत या. अजून. हं. आणि चवड्यांवर राहा!" हे "चवड्यांवर राहा" त्यांचं आवडतं. माझ्या बायकोला, सुनीताला, त्या भाजीबाजारात नेत तेव्हा गवारवाल्याच्या गाडीच्या एका टोकाला तिला उभं करत आणि दुसऱ्या टोकानं स्वतः जात. दोन्ही बाजूंनी एकदम घासाघीस सुरू झाली की गवारवाला भांबावून पहिल्या दोन मिनिटांतच भाव उतरवत असे.

एकदा पार्किंगमध्ये साप निघाला. आमचे चेअरमन अहिरेकाका खुर्चीवर चढले आणि "सर्पमित्राला फोन करा, सर्पमित्राला फोन करा" असं ओरडायला लागले. फोन कुणीच करत नव्हतं, सगळे ओरडत होते. बोरसेबाई केरसुणी घेऊन बाहेर आल्या. अर्ध्या मिनिटात त्यांनी आम्हा अकरा जणांना अशा जागा नेमून दिल्या की सापाला नाल्याकडे जायला एकच वाट मोकळी राहिली. "अहिरे, तुम्ही गलीत!" असं त्यांनी फर्मावलं. अहिरेकाका खुर्चीवरून उतरले, फाटकाबाहेर पडले आणि समोरच्या गल्लीत जाऊन उभे राहिले. साप गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या, चहा झाला. अहिरेकाका अजून गल्लीतच होते. त्यांना कुणीतरी बोलावून आणलं.

"गली म्हणजे क्रिकेटमधली हो," बाई म्हणाल्या. "पॉइंटच्या शेजारची."

बाईंना क्रिकेटचं वेड आहे, एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढला. असतं एकेकाला. आणि त्यांच्या दारावर पाटी होती, 'कॅप्टन बोरसे'. त्यावरून त्यांचे यजमान सैन्यात होते आणि आता नाहीत, हे सगळ्या सोसायटीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. अहिरेकाकांनी एकदा आदरानं विचारलंही होतं, "साहेब कुठं होते?" बाई म्हणाल्या होत्या, "कोण, वडील? रेल्वेत. मनमाडला." अहिरेकाकांना वाटलं, दुःखामुळे विषय टाळतायत.

अशी सहा वर्षं गेली.

मी विमा कंपनीत कारकून. त्यामुळे सोसायटीतले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बोरसेबाईंनी मला हाक मारली. "देवरे, हे आता कॉम्प्युटरवर भरायला सांगतायत. मला ते जमत नाही. हयातीचं काहीतरी आहे." मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. आत जाण्याची ती पहिलीच वेळ. एक पलंग, एक टेबल, शिलाई मशीन. त्या मशीनवर धुळीपासून बचाव म्हणून एक जुना निळा कोट पांघरलेला.

नाव भरलं, जन्मगाव मनमाड भरलं. पती या रकान्याशी मी आवाज हळू केला. "साहेबांचं पूर्ण नाव?"

"कोण साहेब?"

"तुमचे... कॅप्टनसाहेब."

"कॅप्टन मीच की," बाई म्हणाल्या. "लग्न नाही केलं मी. पुढं चला."

फॉर्म माजी खेळाडूंच्या पेन्शनचा होता, हे मला पुढच्या रकान्यात कळलं : कोणत्या संघाकडून खेळलात. बाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, "भारत." त्याखाली : संघातील स्थान. "फलंदाज. चौथ्या नंबरला. आणि कर्णधार लिहा."

माझी बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. म्हातारपणी माणसांना भास होतात हे मला माहीत होतं. माझ्याच एका मावशीला आपण तहसीलदार आहोत असं वाटायचं. बाईंनी माझा चेहरा ओळखला, उठून मशीनवरचा कोट काढला आणि झटकून माझ्या मांडीवर टाकला. खिशावर देशाचं बोधचिन्ह होतं. जरीचे धागे सुटले होते, पण होतं.

"हे... हे तुम्ही मशीनवर..."

"मग काय करू? घालून बाजारात जाऊ?"

"सहा वर्षं झाली हो आम्हाला इथं येऊन! कुणाला बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. साहेबांबद्दल विचारायचे सगळे."

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा सुनीता मटकन खाली बसली. तिचा धक्का वेगळाच होता. "अहो, मी त्यांना सहा वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही! त्यांना वाईट वाटू नये म्हणून!" त्याच संध्याकाळी ती करंडा घेऊन तळमजल्यावर गेली. बाईंनी निमूट कुंकू लावून घेतलं आणि सांगितलं, "वाणात चमचे देता ना तुम्ही? वरून उतरणाऱ्या बायकांच्या हातात दिसायचे मला. सहा चमचे राहिलेत माझे."

पुढचा आठवडाभर मी रोज त्यांच्याकडे जात होतो आणि रोज नवीन धक्का खाऊन परत येत होतो. वडील मनमाडला पॉइंट्समन. ही मुलगी रेल्वे कॉलनीत कोळशाच्या ढिगाशेजारी मुलांशी खेळायला शिकली. पुढं रेल्वेतच चिकटली, संघात आली, कॅप्टन झाली. परदेश दौऱ्यावर अख्ख्या टीममध्ये तीन बॅटी होत्या. "आउट झालेलीनं येता येता वाटेतच बॅट आणि पॅड जाणारीच्या हवाली करायचे. अर्धशतक करून आलं तरी लोकांच्या टाळ्यांकडे बघायला वेळ नाही. पुढची ओरडतेय, पॅड सोड, पॅड सोड!" इथल्या सामन्यांना शाळेत मुक्काम असायचा. बाकं जोडून झोपायचं. एका सामन्यात त्यांनी शतक ठोकलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं : 'श्री. बोरसे यांची दमदार खेळी'.

"मग तुम्ही पत्र नाही लिहिलं पेपरला?"

"लिहिलं की. त्यांनी उत्तर दिलं, प्रिय बोरसेसाहेब."

हे सांगताना त्या हसायच्या. मला हसू येत नव्हतं. मी टीव्हीवर इतकी वर्षं सामने बघतोय, कुणाकुणाच्या खेळींवर ऑफिसात वाद घालतोय आणि देशाची कर्णधार माझ्या खालच्या मजल्यावर तांदूळ निवडतेय.

अहिरेकाकांनी सत्काराचा घाट घातला. मांडव, शाल, नारळ, सगळं झालं. बाईंनी आधी मांडवातल्या खुर्च्या हलवून घेतल्या, मग सत्कार स्वीकारला. भाषण छान रंगलं. तीन बॅटींच्या गोष्टीला लोक पोट धरून हसले. शेवटी सुनीतानं सहज विचारलं, "ताई, तुमच्याबरोबर खेळलेल्यांत सगळ्यांत चांगली कोण होती?"

बाई म्हणाल्या, "विमल."

माईक हातात तसाच. आम्ही वाट बघतोय. मग त्यांनी माईक अहिरेकाकांकडे दिला, शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. सुनीता रडायच्या बेताला आली होती, आपण काय चुकीचं बोललो हेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आमची बेल वाजली. बाई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी घेऊन उभ्या. "देवरे, तुमची गाडी मालेगावला नेता येईल का? आज रविवार आहे. मी पेट्रोल भरते."

चांदवड मागं पडलं. घाट लागल्यावर बाई बोलल्या, समोर बघत.

विमल त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघी एकाच दिवशी संघात आल्या, एकाच खोलीत राहायच्या, एका ताटात जेवायच्या. परदेशातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर मालिका आपली. आदल्या दिवशी सरावात विमलच्या बोटाला लागलं होतं. विमल म्हणत होती, काही नाही, मुरगळलंय. सामन्याच्या सकाळी कॅप्टननं विमलला बाहेर बसवलं.

"जिंकलात?"

"जिंकलो. परत येताना विमानात ती दुसरीकडे बसली. त्यानंतर एक शब्द नाही. तिनं खेळणं सोडलं, लग्न करून मालेगावला गेली. चाळीस वर्षं होत आली."

"तुम्ही कधी भेटायला..."

"तीन वेळा गेले. दारातून परत आले. बेलच वाजवता आली नाही."

साप निघाल्यावर केरसुणी घेऊन पुढं होणाऱ्या या बाईंना कुणाच्या दाराची बेल वाजवता येत नाही, हे मला खरं वाटेना. पण मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट चालू असलेल्या एका गल्लीत आम्ही उतरलो, तेव्हा बाई गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या. शेवटी बेल मी वाजवली.

दार उघडलं ते ठेंगण्या, जाड चष्म्याच्या एका बाईंनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"आते उनी?" त्या म्हणाल्या. आत्ता आलीस?

मी सटाण्याकडचा, मला अहिराणी कळते. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकावं लागलं. विमलबाईंनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं आणि उजवा हात बोरसेबाईंसमोर टेबलावर ठेवला. मधलं बोट वाकडं होतं.

"मोडलं होतं," विमलबाई म्हणाल्या. "मला त्याच दिवशी माहीत होतं. तू बाहेर बसवलंस ते बरोबर होतं."

बोरसेबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बरोबर होतं? मग चाळीस वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. मला तुला बरं वाटू द्यायचं नव्हतं."

मी थक्क होऊन एकीकडून दुसरीकडे बघत होतो. विमलबाईंचा आवाज चढला नव्हता. दळण आणायला सांगावं तशा त्या बोलत होत्या.

"तू कागद लावलास इंदू. जेवणघराच्या भिंतीवर. अकरा नावं. एका खोलीत झोपलो होतो आपण. तू पहाटे उठून गेलीस आणि मला सगळ्यांबरोबर भिंतीवर वाचावं लागलं."

आमच्या सोसायटीत कुणाला एक वाक्य पुरं करू न देणाऱ्या बाई, मान खाली घालून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मला धीर झाला नाही, विमल. तू रडली असतीस तर मी तुला खेळवलं असतं."

मी उठलो, चहा पिऊन येतो म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

तासाभरानं परत आलो, तर दोघी शेजारी शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. विमलबाईंचं वाकडं बोट शेंगेत नीट शिरत नव्हतं. त्या नुसत्या शेंगा पुढं सरकवत होत्या आणि बोरसेबाई सोलत होत्या. "तुम्ही जा, देवरे. मी उद्या एसटीनं येईन," बोरसेबाई मान वर न करता म्हणाल्या.

उद्या आल्या नाहीत. परवाही नाहीत. चौथ्या दिवशी सुनीताच्या जिवाला घोर लागला, तेव्हा मी फोन लावला.

"ताई, सगळं ठीक ना? कधी येताय?"

"ठीक कसलं? ती अजून चिडलेलीच आहे," बोरसेबाई म्हणाल्या. मागून विमलबाई काहीतरी ओरडल्या. बोरसेबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा फोनवर आल्या. "म्हणतेय, एवढ्यात संपणार नाही तिचं बोलून. महिना तरी लागेल. म्हणून राहतेय."