भोईरभाऊंना कोण भेटायला जाणार?

बदलापूरच्या आमच्या मांजर्लीत कुणाला दवाखान्यात दाखल केलं की नातेवाइकांच्या आधी भोईरभाऊ तिथे पोचतात. हातात नायलॉनची पिशवी. पिशवीत शहाळं, त्या दिवसाचा पेपर, चार मोसंबी आणि ती सोलायला स्वतःची सुरी. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही गावांतल्या दवाखान्यांच्या भेटायच्या वेळा त्यांना तोंडपाठ आहेत. कुठला वॉचमन कडक, कुठल्या लिफ्टचं दार पायाने ढकलावं लागतं, कुठल्या कँटीनचा चहा पेशंटला अजिबात देऊ नये, हे सगळं त्यांना विचारावं. पेशंट ओळखीचा असलाच पाहिजे अशी त्यांची अट नाही.

एकदा अंबरनाथला आमच्या प्लंबरच्या सासऱ्यांना भेटायला गेले आणि चुकून शेजारच्या खाटेशी बसले. अर्धा तास त्या माणसाचे पाय चेपून, त्याला मोसंबी भरवून झाल्यावर कळलं की सासरे पलीकडे भिंतीकडे तोंड करून झोपलेत. दुसरा कुणी ओशाळून उठला असता. भाऊंनी दोघांनाही ठेवून घेतलं. तो चुकून भेटलेला माणूस बुवापाड्याचा. त्याला घरी सोडेपर्यंत भाऊ रोज जात होते, आणि पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसून जेवलेही.

भाऊंनी अंबरनाथच्या एका कंपनीत तीस वर्षं व्हॉल्व्ह तपासले. निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. "ताप किती? नव्व्याण्णव? लिमिटमध्ये आहे." "जेवला काय? अर्धी पोळी? लिमिटमध्ये आहे." भाऊंनी लिमिटमध्ये आहे म्हटल्याशिवाय कितीतरी जणांना बरं झाल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक ऑपरेशनचं वेळापत्रकही त्यांच्याकडे तयार असतं. अपेंडिक्सवाला तिसऱ्या दिवशी बायकोवर खेकसतो. मोतीबिंदूवाल्याला पाचव्या दिवशी घरातली धूळ दिसायला लागते. गुडघेवाल्यांना दहाव्या दिवशी वाटतं, कुठून या फंदात पडलो, आणि तिसाव्या दिवशी तेच लोक दुसऱ्याला गुडघा बदलायचा सल्ला देतात. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णीबाई एकट्या राहतात. त्यांचा गुडघा बदलला तेव्हा भाऊ एकवीस दिवस रोज जाऊन बसायचे आणि पाय किती वाकतो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे.

भाऊंची आणखी एक गोष्ट आम्हा सगळ्यांना चक्रावून टाकायची, ती म्हणजे त्यांचा शर्ट. मे महिन्यात आमच्या सोसायटीचा सगळा पुरुषवर्ग बनियनवर येतो. चेअरमनसुद्धा मीटिंगला बनियनवर बसतात. भाऊ मात्र गळ्यापर्यंत बटणं लावलेला ढगळ बुशशर्ट घालून. त्याला दोन खिसे, आणि दोन्ही कायम गच्च. डायरी, चष्म्याचं घर, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, काय वाटेल ते. पुराच्या वर्षी तळमजल्यावरची सहा माणसं आठवडाभर त्यांच्या घरी राहिली होती. ती सांगतात, भाऊ झोपतानासुद्धा खिसे रिकामे करत नाहीत. आम्ही हसायचो. लग्न केलं नाही की माणूस असा होतो, असं माझी बायको म्हणायची.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी भाऊ माझ्याकडे आले. मी समोरच्याच दारात राहतो. शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून सगळे सर म्हणतात. बायको बाजारात गेलेली. भाऊंनी दार लावून घेतलं.

"सर, एक सही पाहिजे. दवाखान्यात कुणीतरी जबाबदार माणूस लागतो."

"कुणाला दाखल करायचंय?"

"मला."

भाऊंनी खिशातली एकेक वस्तू काढून टीपॉयवर ठेवली. डायरी, चष्म्याचं घर, चिठ्ठ्यांचा गठ्ठा. खिसे रिकामे झाले, शर्ट अंगाला बसला आणि मला दिसलं. त्यांची छाती बाईसारखी भरलेली होती. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं.

"तेराव्या वर्षापासून आहे," ते म्हणाले. "नदीवर पोरांनी नाव ठेवलं. त्या दिवसापासून पाण्यात उतरलो नाय. शर्ट काढला नाय. कुणी लग्नाचं काढलं तं विषय बदलला. आता उल्हासनगरच्या डॉक्टरनी सांगितलं, गाठबिठ काय नाय, नुसती चरबी आहे. नळीनं ओढून काढतात. लायपोसक्शन."

"पण आता साठाव्या वर्षी?" मी बावळटासारखं विचारलं.

"एकदा बनियनवर गॅलरीत उभं राहायचंय. चहाचा कप घेऊन. बस्स."

मी सही करायला तयार झालो. पण भाऊंची एक अट होती, कुणाला म्हणजे कुणालाच कळता कामा नये. "लोक हसतील, सर. ज्यांच्या उशाशी बसलो तेच हसतील. मंग मी कुणाच्या खाटेजवळ कुठल्या तोंडानं जाऊ?"

सोसायटीत सांगितलं, भाऊ पनवेलला भाचीकडे गेलेत. एक रात्र दवाखान्यात काढून दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळी इमारत झोपलेली असताना, मी त्यांना घरात घेतलं आणि बाहेरून कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात.

आणि मग कळलं की जगातला सर्वांत वाईट पेशंट म्हणजे भोईरभाऊ. दुसऱ्यांच्या आजारात इतका खंबीर असणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत अगदी लहान मूल झाला. पहिल्याच संध्याकाळी चादरीवर गुलाबी पाणी दिसलं. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, एक-दोन दिवस पाणी झिरपेल, घाबरू नये. मी वाचून दाखवलं.

"झिरपेल म्हणजे किती? वाटीभर का तांब्याभर? लिमिट कुठे लिहिलंय?"

लिमिट लिहिलेलं नव्हतं. त्यांची खरी पंचाईत ती होती. "आयुष्यात इतके पेशंट बघितले, पण ह्याचा एकपण नाय," ते हताशपणे म्हणाले. "सगळ्यांनी लपून केलं असणार."

छातीला घट्ट काळं जाकीट घालायचं होतं, दिवसरात्र, सहा आठवडे. उताणं झोपायचं, पाठीला तीन उशा. हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत. मीठ कमी. आणि पहिल्या दिवसापासून चालायचं, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. आता बाहेरून कुलूप असलेल्या घरात माणूस चालणार कसा? खाली कुलकर्णीबाई. भाऊ अनवाणी, चवड्यांवर, चोरासारखे हॉल ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारायचे.

एक जाकीट धुवायला टाकलं की दुसरं हवं, म्हणून मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका गाळ्यात गेलो. तिथला सिंधी मालक म्हणाला, "साईं, लेडीज-जेंट्स माल सेम है, सिर्फ डब्बा अलग." धुतलेलं जाकीट भाऊंच्या गॅलरीत वाळत घालता येईना, म्हणून ते आमच्या गॅलरीत. बायकोने ते चिमटीत धरून विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, माझं, पाठ दुखते. तिने मला ते घालायला लावलं. एक अख्खा दिवस मी ते घालून शाळेत फळ्यावर आंबा काढला. भाऊंच्या सोसण्याची थोडीफार कल्पना मला त्या दिवशी आली.

चौथ्या दिवशी सकाळी मी खानावळीतून सांगून आणलेला कमी मिठाचा डबा घेऊन गेलो तर भाऊ आरशासमोर उभे, चेहरा पांढराफटक.

"सर, परत आली! होती त्याच्यापेक्षा मोठी!"

खरंच छाती सुजून पहिल्यापेक्षा वाढली होती. मीही घाबरलो. दुपारी त्यांना कानटोपी घातली, वरून शाल गुंडाळली आणि रिक्षात कोंबून उल्हासनगरला नेलं. वाटेत ते एकच वाक्य म्हणत होते, "देवाला मान्य नाय, सर."

डॉक्टरांनी जाकीट उघडलं, बोटाने दाबून पाहिलं आणि विचारलं, "कितवा दिवस? चौथा? मग सूज आत्ताच सगळ्यात जास्त असते. पुढच्या आठवड्यात उतरायला लागेल. खरा आकार दिसायला तीन महिने तरी लागतात."

"म्हणजे लिमिटमध्ये आहे?"

डॉक्टरांना काही कळेना. "हो म्हणा," मी हळूच सांगितलं. डॉक्टर हो म्हणाले. भाऊंनी इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या टेबलावरची चिठ्ठी उडाली. येताना त्यांनी रिक्षावाल्याच्या आईची तब्येत विचारली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग सूज खरोखरच उतरायला लागली. काळेनिळे डाग हिरवे झाले, मग पिवळे, आणि छातीवरून पोटाकडे सरकले. कातडी बधिर होती. "हात लावला तं दुसऱ्या कुणाला लावल्यासारखं वाटतं," भाऊ म्हणायचे. मधेच खाज सुटायची, मधेच मुंग्या यायच्या. कागदावर हे सगळं लिहिलेलं होतं. मी रोज येऊन ताप बघायचो, पाणी झिरपतंय का बघायचो, डबा ठेवायचो, कुलूप लावायचो. एकूण प्रकरण मी उत्तम सांभाळतोय, असं माझं मत होतं.

नवव्या दिवसापासून भाऊ गप्प झाले. डबा अर्धा परत यायला लागला. मी गेलो की एकच प्रश्न, "आज कोण कोण दाखल आहे?" मी सांगितलं, भाजीवाल्या सुरेशचं पित्ताशय काढलं. "त्याला भेटायला कोण गेलं?" मी म्हटलं, बरेच जण गेले. भाऊ म्हणाले, "हां," आणि छताकडे बघत राहिले. दुपारचे चार वाजले, म्हणजे दवाखान्यांची भेटायची वेळ झाली, की त्यांचं लक्ष दाराकडे जायचं. मला वाटलं, भूक लागत असेल. मी टपरीवरून चहा लवकर न्यायला लागलो.

अकराव्या दिवशी चार वाजता मी कुलूप काढत होतो, तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. कुलकर्णीबाई. नव्या गुडघ्यावर एक मजला चढून आल्या होत्या आणि त्यांना धाप लागली होती.

"सर, बाजूला व्हा."

"बाई, भाऊ पनवेलला..."

"अकरा दिवस डोक्यावर पावलं वाजतायत. चोर असता तर एव्हाना काम उरकून गेला असता. व्हा बाजूला."

मी बाजूला झालो. दुसरं करणार काय? बाई सरळ आत गेल्या. भाऊ पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते. त्यांनी घाईघाईने शाल गळ्यापर्यंत ओढली. बाईंनी खुर्ची ओढली, काठी भिंतीला टेकवली आणि बसल्या.

"दुखतंय का हो?"

"नाय, नाय. सूज उतरतेय, ताप नाय, झोप पण..."

"ते नाही विचारलं मी. दुखतंय का?"

भाऊ शालीचं टोक चिवडत राहिले. "हो," ते म्हणाले. "खूप दुखतं." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

मी हातात चहाची किटली घेऊन दारात उभा होतो. अकरा दिवस मी त्या घरात दिवसातून तीनदा जात होतो. सगळं विचारलं होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

बाईंनी त्यांना रडू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता मला खरं सांगा. किती पसरलंय?"

"काय पसरलंय?"

"मला फसवू नका. आमच्या ह्यांनीही असंच लपवलं होतं. गावाला जातो म्हणायचे आणि दवाखान्यात जायचे. मला कळलं तेव्हा महिनाच उरला होता. अकरा दिवस खाली पडून तुमची पावलं मोजतेय मी. आज कमी चालले, आज जास्त चालले. माझ्या घशाखाली घास उतरत नाही." बोलता बोलता त्यांचा चष्मा धुरकट झाला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हसतील म्हणून ज्या माणसांपासून त्यांनी लपवलं होतं, त्यातलं एक माणूस समोर बसून त्यांच्यासाठी रडत होतं. भाऊंनी शाल खाली केली. ते काळं जाकीट दाखवलं. आणि सगळं सांगितलं. नदी, पोरं, खिसे, सगळं. पोरांनी ठेवलेलं नावसुद्धा सांगितलं, जे मलाही सांगितलं नव्हतं.

बाई ऐकत होत्या. "म्हणजे चरबी?"

"चरबी."

"नुसती चरबी?"

"नुसती."

"एवढंच?"

सत्तेचाळीस वर्षं जे शर्टाखाली दाबून ठेवलं, त्याला कुणी एवढंच म्हणेल, असं भाऊंना स्वप्नातही वाटलं नसेल. क्षणभर ते दुखावल्यासारखे दिसले. पण बाई पदराने डोळे पुसत हसायलाच लागल्या होत्या, अगदी मोकळं, सुटल्यासारखं. "मेल्या, केवढं घाबरवलंस मला!" अहोजाहो कुठल्या कुठे गेलं. मग भाऊही हसले. हसताना जाकीट आवळून धरत ओरडले, "बाई, हसवू नका, दुखतंय!" तेव्हा मीही हसलो, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी आवाज करायला भीत नव्हतं.

किटलीतला चहा मी तिघांत वाटला. बाईंनी भाऊंना चांगलं दहा मिनिटं झापलं. बिनमिठाचा भात खाऊन तोंडाची चव गेली असेल, म्हणून लिंबू पिळून मऊ भात करून आणते म्हणाल्या. काठी घेऊन उठल्या.

भाऊ हळूच म्हणाले, "बाई, भात नंतर करा. जरा बसा ना अजून."

बाईंनी काठी पुन्हा भिंतीला टेकवली.

"बसते की," त्या म्हणाल्या. "मला तरी खाली कोण आहे?"