बोलावल्याशिवाय आत येऊ नये

दिवाळीच्या सुट्टीत बायकोशेजारी बसून तिची सिरीयल पाहायची, एवढंच मी ठरवलं होतं. नवऱ्यानं बायकोच्या आवडीत रस घ्यावा, असा संदेश मोबाइलवर कुणीतरी पाठवला होता. (पाठवणाऱ्याचं अजून लग्न व्हायचंय.)

सिरीयल परदेशी, बोलणं हिंदी. त्यात एक फिकट गोरा व्हॅम्पायर, म्हणजे माणसाचं रक्त पिणारा, आणि एक मोटार मेकॅनिक, जो पुनवेला लांडगा होतो. दोघांचंही लिझा नावाच्या एकाच पोरीवर प्रेम. आणि या पोरीसाठी इकडे गोंदियात आमची पुष्पांजली डोळे पुसते.

इथं माझा धंदा सांगायला हवा. अपघाताच्या क्लेम केसेस चालवणाऱ्या वकिलांकडे मी कारकून आहे. आमचे साहेब विमा कंपनीच्या बाजूनं उभे राहतात. त्यामुळे कुणी जखमी दिसला की इतरांना कळवळा येतो आणि माझ्या डोक्यात 'यात याची स्वतःची चूक किती' हा प्रश्न येतो.

लांडग्याला मी चटकन निकाली काढलं. "पुनव कॅलेंडरात छापली राहते. माहीत असून यानं स्वतःले बांधून नाही घेतलं. हलगर्जीपणा सिद्ध. भरपाई द्या लागंल."

"चूप बसा ना," पुष्पांजली म्हणाली.

मग व्हॅम्पायर लिझाच्या दारात आला. या जमातीचा एक नियम असतो. घरातल्या माणसानं बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. लिझानं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "अंदर आओ." तो आत आला आणि चावला. पुष्पांजलीनं पदर तोंडाला लावला.

"केस गेली," मी म्हणालो.

"काऊन?"

"हिनंच बोलावलं ना. कोण आहे हे माहीत असून. अर्धी चूक हिची. अन् आता चावल्यानं हीबी त्याच्यासारखी अमर झाली, म्हणजे कमाईचं नुकसानबी नाही. उलट फायदाच."

तिनं टीव्ही बंद केला. "चावला तो, अन् चूक तिची?"

"कायद्यानं पाहिलं तर..."

"मीबी तुमाले हो म्हनली होती. तेबी माहीच चूक समजा."

दुसऱ्या दिवशी ती मंडईसाठी माहेरी गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी माहेरी जातात, जावयाला वेगळं बोलावणं येतं, वडे-मटण होतं. यंदा मला बोलावणं आलं नाही. मंडई उठली तरी बायकोही आली नाही. आणि जावई काही बोलावल्याशिवाय सासुरवाडीला जात नाही.

घर खायला उठलं. सरळच सांगतो, मला तिची फार आठवण येत होती. खानावळीचा डबा वेळेवर यायचा, पण 'अजून भात देऊ का' असं डबा विचारत नाही. टीव्हीचा रिमोट तिनं ठेवला होता तिथंच मी राहू दिला. शेवटी एका संध्याकाळी तो हातात घेतला आणि सिरीयल लावली. तिची खुर्ची शेजारी तशीच रिकामी ठेवली. व्हॅम्पायर पुन्हा कुणाच्या तरी दारात उभा होता आणि आतल्या उजेडाकडे बघत होता. पहिल्यांदाच मला त्या पोराची दया आली.

मी फोन लावला. "लिझा बरी आहे," मी म्हणालो.

"मले कायले सांगता?"

एवढं बोलली, पण फोन लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मागे तिच्या माहेरचा शेरू भुंकत होता, तेही मला गोड वाटलं. (हे मत पुढे बदललं.)

बाजाराच्या दिवशी मी मोटरसायकल काढून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला गेलो. गोंदियात भाजी मिळत नाही असं नाही. पण सासुरवाडी गोरेगावच्या थोडी पुढे, धानाच्या बांध्यांपलीकडे आहे. पालकाची एक जुडी घेतली आणि त्या गावात शिरलो. कुणीतरी 'या जावई' म्हणेल, मग आपलं काम झालं.

"काय जावई, इकडं कुठं?" शेजारच्या उदारामनं विचारलं.

"बाजाराले आलो."

"बाजार तर तिकडं हाय." आणि तो आपल्या वाटेनं गेला.

सासरच्या दाराशी गाडी लावली. पुष्पांजली आतल्या अंगणात धान वाळवत होती. तिनं पाहिलं आणि पुन्हा धान पसरायला लागली. हातात पालक घेऊन उभा राहिलो. इतक्या दिवसांनी ती दिसत होती, त्यामुळे उंबऱ्याच्या आत एक पाय कधी पडला ते मला कळलं नाही. शेरूला कळलं. त्यानं पोटरी धरली.

सासूबाई कुंदाबाई साबण आणि पाणी घेऊन धावल्या. पुष्पांजली सावकाश आली.

"कोनी बोलावलं होतं?"

"नाही."

"घरी कुत्रा हाय, माईत होतं?"

"होतं."

"मंग चूक कोनाची?"

साहेबांची उलटतपासणीही इतकी नेमकी नसते.

"माही," मी म्हणालो. "पण लिझाची नव्हती. घरात घेतलं म्हणजे चावाले परवानगी दिली, असं होत नाही." मग राहवलं नाही म्हणून पुढचंही बोललो. "मले करमत नाही तुह्याबिगर."

तिनं आईच्या हातातून पाणी घेतलं आणि माझ्या पोटरीवर ओतलं.

"या," ती म्हणाली.

आजवर इतके निकाल ऐकले, पण इतका छोटा आणि इतका चांगला एकही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली आणि सांगितलं, दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. कुंदाबाई म्हणाल्या, "मी वावर पाहू का कुत्रा पाहू?"

"मी घेऊन जातो ना गोंदियाले," पुष्पांजली म्हणाली. "दोघालेबी."

निघताना शेरू आमच्या दोघांच्या मध्ये बसला. ज्या पाठीला तिचा हात लागावा म्हणून मी एवढा झुरलो होतो, तिला सगळ्या वाटेनं शेरूचं नाक लागत होतं.

ते दहा दिवस कधीच सरले. शेरूला काही झालं नाही. (मला चावूनही.) पण त्याला परत न्यायचं कुणी नाव काढत नाही. संध्याकाळी दोघं सिरीयल पाहतात, शेरू माझ्या खुर्चीवर बसून. ऑफिसातून येऊन मी दारात पाय ठेवला की तो गुरगुरतो. दारावर पाटी माझ्या नावाची आहे, विजेचं बिल माझ्या नावानं येतं. तरी मी पिशवी धरून उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि आतल्या उजेडाकडे बघतो.

"थांबा जरासे," आतून पुष्पांजली म्हणते. "जाहिरात लागू द्या, मंग बोलावतो."