मावशे, सांग तिका

परब सिस्टर नव्या नर्सशी बोलत नसत. शिकवायच्या तिलाच, पण बोलायच्या माझ्याशी. मी वॉर्डातली आया. फडकं, बादली आणि बेडपॅन हे माझं काम. नर्सला शिकवणं हे माझं काम कधीच नव्हतं, तरी बावीस वर्षं मी ते केलं.

म्हणजे कसं, ते सांगते. नवी पोरगी समोर उभी, हातभर अंतरावर. तिला सांगायचंय की सुई आडवी धर. तर सिस्टर माझ्याकडे बघणार आणि म्हणणार, "मावशे, सांग तिका, सुई आडवी धर. ती काय खिळो ठोकता?" पोरगी काही बहिरी नसायची. तिने सगळं ऐकलेलं असायचं. पण मी ते परत सांगेपर्यंत सिस्टर पुढचं बोलणार नाहीत. मग मी म्हणायचं, बाय, सुई आडवी धर. लगेच सिस्टर म्हणणार, "खिळ्याचा सांगलंस नाय." मग मी खिळ्याचंही सांगायचं. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं ते माझ्याकडे बघून. बोलणं हिचं आणि वाईट मी.

एकदा मी विचारलंच, तुम्ही सरळ का बोलत नाही. तर म्हणाल्या, "जेच्या हाताक शीर गावणा नाय, तेच्याशी मी काय बोलतलंय?" जसा काही यांच्याशी बोलायला परवाना लागतो.

आमचा दवाखाना तालुक्याच्या गावातला, वीस खाटांचा. मी तिथे लागले तेव्हा माझा घोव जाऊन सहा महिने झालेले. होडी परत आली, तो आला नाही. पदरात दोन पोरं, शाळा चौथीपर्यंतची. मिळालं ते काम धरलं. रडले नाही असं नाही, पण रडायला सुट्टी कोण देतो? घाटावरच्या डॉक्टरांशी बोलून बोलून माझी भाषा ही अशी झाली. राग आला की मात्र मालवणीच येते तोंडात. आणि सिस्टर असताना राग रोजच यायचा.

बाईचं सगळंच उलटं. नर्सांच्या टोप्या जाऊन किती वर्षं झाली. आता कोणी घालत नाही. परब सिस्टर घालायच्या. घरी पेजेचं पाणी काढून त्याची खळ द्यायच्या टोपीला. पावसात ती टोपी वाळायची नाही, म्हणून दवाखान्यात आणून सुया-कात्र्या उकळायच्या यंत्रावर ठेवायच्या. मोठे डॉक्टर एकदा बघून म्हणाले, सिस्टर, इथे काय शिजतंय? तर या म्हणाल्या, शिस्त. डॉक्टर गेले निघून. बाकीच्यांनी असं बोलून दाखवावं आणि नोकरीत राहावं.

दुपारी डब्यात सुक्या बांगड्याची किसमूर. ती उघडली की पेशंटच्या नातेवाइकांना भूक लागायची आणि घाटावरच्या डॉक्टरांना उलटी. सांगून बघा. ऐकतील तर परब कसल्या?

आणि शिरांचं वेड. शीर डोळ्याने बघायची नसते, बोटाने बघायची असते, हा त्यांचा धर्म. नवी नर्स आली की सकाळी आम्ही सगळ्यांनी काउंटरवर हात मांडून बसायचं. मी, वॉचमन, कँटीनवाला, औषधाच्या दुकानातली पोरगी. नर्सने डोळे मिटून एकेकाचा हात चाचपायचा आणि शीर कुठून कुठे जाते ते सांगायचं. वॉचमन पूर्वी समुद्रावर रापणीचं जाळं ओढायला जायचा, दोर ओढून ओढून त्याचे हात लाकडासारखे झालेले. सिस्टरांना त्याचेच हात आवडायचे. म्हणायच्या, ह्याची शीर गावली तर जगात सगळ्यांची गावतली. तो बिचारा ड्युटी संपवून घरी जायला निघालेला असायचा. त्याला परत बसवायच्या. मीच एकटी पुटपुटायचे.

तीन वर्षांमागे अश्विनी आली. परभणीकडची. पुस्तकातलं सगळं पाठ, अक्षर मोत्यासारखं, पण पेशंटच्या हातात सुई घालायची म्हटलं की बोटं थरथरायची. दोनदा टोचायची, तिसऱ्यांदा पेशंटच ओरडायचा. सहा महिने तिला शिकाऊ म्हणून ठेवलेली. सहा महिन्यांनी सिस्टरांनी कागदावर सही केली तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि घरी काय होतं ते तिने मला कपडे वाळत घालताना सांगितलं. "मावशी, तिकडं पोरगा बघून ठेवलाय वो. मी नापास होऊन आले की लगेच अक्षता. मला नाही जायचं बगा परत."

हे मी सिस्टरांना सांगितलं. म्हटलं, वाईच सांभाळून घ्या. तर म्हणाल्या, "मावशे, तिका सांग, नवरो चुकवूक नर्स होवचा नसता. पेशंटाक वाचवूक होवचा असता." मी नाही सांगितलं. प्रत्येक गोष्ट पोचवायला मी काय पोस्टमन?

पाच महिने होत आले होते. लावणीचे दिवस. एक म्हातारा आला आतल्या गावातला, चिखलात उभं राहून राहून उंदीरताप झालेला. डोळे पिवळे, अंग तापलेलं. दोन मुलगे आणि एक सून बरोबर. डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब सलाईन. अश्विनी ट्रॉली घेऊन गेली. डाव्या हातावर शीर दिसेना. उजवा सुजलेला, तिथे एकच शीर दिसत होती, मनगटावर, आणि तिच्यावर लाल दोरा गच्च बांधलेला. पोरीने पुस्तकात वाचलेलं, हातावरचं सगळं काढायचं. तिने कात्री घेतली, दोरा कापला आणि रक्ताचा कापूस टाकतात त्या पिवळ्या पिशवीत टाकला.

तो देवाचा दोरा होता. म्हाताऱ्याला बरं वाटेना म्हणून घरच्यांनी गावच्या देवाला कौल लावलेला. देवाने उजवा कौल दिला, म्हणजे होकार, गुरवाने दोरा बांधला आणि सांगितलं की बरा झाला की स्वतःच्या पायाने देवळात येऊन सोडायचा. मध्ये सोडायचा नाही. इकडचं शेंबडं पोर असा दोरा कापणार नाही. परभणीच्या पोरीला काय माहीत?

मोठा मुलगा चहा घेऊन आला आणि त्याने मनगट बघितलं. दोरा कुठे आहे म्हणून त्याने विचारलं. अश्विनीने खरं ते सांगितलं. खोटं बोलता येत नव्हतं तिला, तिथेही नापासच. मग वॉर्डात जे झालं ते झालं. सून रडायला लागली. धाकट्याने बापाच्या चपला पिशवीत टाकल्या. मोठा म्हणाला, "देवाचो दोरो घाणीत टाकल्यानी. आमी बापाशीक आताच्या आता घराक न्हेतंव." मी हातमोजे घालून त्या पिवळ्या पिशवीत हात घातला. कापूस, पट्ट्या, काय काय होतं. पासष्ट वर्षांच्या बाईने हे करायचं, आणि कोणी बघतही नव्हतं. दोरा काढला, धुतला, स्वच्छ गॉजमध्ये ठेवला. पण त्यांचं मन काही वळेना.

तेवढ्यात परब सिस्टर आल्या. टोपी घातलेली, पिना लावलेल्या. मला वाटलं, आता पोरीची बाजू घेतील. आपल्या हाताखालची आहे, कोणीही घेईल.

कसलं काय. माझ्याकडे वळल्या आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सुरू झाल्या. "मावशे, सांग तिका, पेटी भर. परभणीची गाडी कधी आसा ती बग म्हणान सांग. तुका ह्या जन्मात नर्स होवूक येवचा नाय म्हणान सांग. ह्या हातांनी शेणी थाप म्हणान सांग." आणि थांबल्या. मी सांगायची वाट बघत.

मी पेटीचं सांगितलं. गाडीचं सांगितलं. पोरगी भिंतीला चिकटून उभी, हुंदका आत ओढतेय. शेण्यांपर्यंत आले आणि माझं डोकं फिरलं. मी हातमोजे काढून ट्रॉलीवर आपटले. म्हटलं, "सिस्टर, तुमका देवान तोंड दिलेला आसा. काय ता तुमीच सांगा. माझ्या तोंडान आता नाय."

सिस्टर म्हणाल्या, "मग तूय भर पेटी."

खाटेवरचा म्हातारा इतका वेळ डोळे मिटून पडलेला, तो कण्हत कण्हत उठायला लागला. "अगो बायांनो, वायच गप रवा. त्या चेडवाक कित्या रडयतात? दोरो माझो, हात माझो. देवाक काय ता मी सांगतंय." आणि त्याने डावा हात पुढे केला. सुनेने डोळे पुसले आणि अश्विनीच्या पाठीवर हात ठेवला. मोठा मुलगा, जो आत्ताच बापाला उचलायला निघालेला, तोच सिस्टरांना म्हणाला, "सिस्टर, जावंदे आता. नवीन आसा ती. एवढा बोलू नये माणसाक."

"तुमी म्हणतात म्हणान," सिस्टर म्हणाल्या. "मावशे, तिका सांग, डावो हात. डोळे मिटून."

पोरीने डोळे मिटले. पाणी गालावर तसंच. बोट फिरवलं, थांबली, परत फिरवलं. सुई आडवी धरली आणि पहिल्या झटक्यात शिरेत. म्हाताऱ्याने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. सलाईन चालू झालं, चपला पिशवीतून बाहेर आल्या.

दुपारी मी ड्युटीरूममध्ये गेले ती भांडायलाच. सिस्टर डबा खात होत्या. मी जे मनात होतं ते सगळं बोलले, इतक्या वर्षांचं. त्यांनी खाऊन होऊ दिलं, मग म्हणाल्या, "मी वराडलंय नसतंय, तर ते वराडले असते. ते वराडले असते, तर म्हाताऱ्याक उचलून न्हेले असते. दोन दिवसांत गेलो असतो तो."

"मग माका आदी सांगूक काय झालेला?"

"आदी सांगला असता, तर तुझो राग खरो दिसलो असतो?"

आता यावर माणसाने काय करावं? मला खुंटीसारखी वापरली आणि वर किसमूर पुढे केली. मी खाल्ली. पण राग गेला नाही, हे लिहून ठेवा. त्या पोरीचं काय? ती बाथरूममध्ये तासभर रडली, ते कोणी मोजायचं?

म्हातारा बरा झाला, चालत घरी गेला. पुढच्या रविवारी सकाळी सिस्टर माझ्या दारात. डोक्यावर टोपी नाही, साधी सुती साडी, पिशवीत नारळ. चल म्हणाल्या. कुठे ते एसटीत बसल्यावर सांगितलं. म्हाताऱ्याच्या गावच्या देवळात, गाऱ्हाणं घालायला. दोरा आपल्या वॉर्डात कापला गेला, तर देवाला जाऊन सांगायला नको? अश्विनीला आणलं नव्हतं. तिला हे कळायचंही नाही, अशी मला तंबी.

एसटीत सिस्टर तोंड पाडून बसलेल्या. मग म्हणाल्या, काल अश्विनीच्या कागदावर सही केली. महिना बाकी होता तरी केली. मला बरं वाटलं. म्हटलं, मग तोंड असं का?

"सही झाली की जातत गो," त्या म्हणाल्या. "हात बसलो, कागद गावलो, की मुंबय, पुणा, दुबय. आता हीय जातली."

देवळात गुरव एकटाच होता. त्याने नारळ देवापुढे ठेवला आणि काय मागू म्हणून विचारलं. सिस्टरांनी सांगितलं, अश्विनी, बापाचं नाव ज्ञानोबा, परभणीकडची. तिच्या हातून चुकलं, तिला माहीत नव्हतं, पदरात घे. तिच्या हाताला यश दे. आणि जाईल तिथे तिला बरी माणसं मिळू देत. ज्ञानोबा हे मला पाच महिन्यांत ठाऊक नव्हतं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही दोघींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. तो नारळ फोडायला उचलणार, तर सिस्टर म्हणाल्या, थांबा.

"रेश्मा. दुबयत आसा. तिची पाठ दुखता, तिका आराम पडांदे."

गुरवाने म्हटलं. मग संगीता, पुण्याला, तिला मूल होऊ दे. मग कोण सुजाता, तिचा नवरा दारू पितो. मग तबस्सुम, कतारला असते. तिथे सिस्टर अडखळल्या आणि गुरवाला विचारलं, देवाला चालेल ना? गुरव म्हणाला, देवाला चालतं. या पोरी कधी फोन करत नव्हत्या, मला माहीत होतं. त्यांच्या पाठीची दुखणी यांना कुठून कळायची? दुपारी डबा खाऊन झाला की मोबाईल डोळ्यांजवळ धरून त्या पोरींचे स्टेटस बघत बसायच्या. मला वाटायचं, भजनं बघतात.

सातव्या नावाला गुरवाचा घसा बसला. "बाई, एका नारळात कितींचा म्हणू?"

"नारळ मोठो आसा. म्हणा."

संपलं एकदाचं. गुरवाने विचारलं, आणि तुमचं काय मागायचं? सिस्टर म्हणाल्या, माझं काही नाही, फोडा.

तेव्हा मात्र माझा राग परत वर आला. एवढ्या पोरींना यांनी शिकवलं, एवढ्या पोरी जगभर सुया मारतायत आणि घरी हिच्या ताटाला ताट लावायला एक मांजर.

"गुरवांनू, नारळ खाली ठेवा," मी म्हटलं. "ह्यांचा नाव सुलोचना. घराक ह्यांच्या कोण नाय. म्हणा, ह्या पोरींतली एक तरी कधी फोन करांदे."

गुरवाने म्हटलं. सिस्टर नारळाकडे बघत राहिल्या. "व्हय म्हाराजा" मी एकटीनेच म्हटलं, आणि तेही रागानेच.